फॅटी लिव्हर आणि खचलेलं मन

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आमचं पारोळा तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. माझे मिस्टर ४६ वर्षांचे, वजन ८८ किलो. माळकरी आहेत, दारूचा थेंब घेत नाहीत. दिवाळीआधी पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर ग्रेड दोन फॅटी लिव्हर निघालं. एसजीपीटी (रक्तातली लिव्हरची तपासणी) थोडं वाढलेलं, शुगर काठावर. लोक तोंडावर विचारतात, "लपूनछपून घेतात का?" वर्षभरात स्वभावच बदलला. उधारी वहीत लिहायची राहते, रोजच्या शेतकऱ्याचं नाव आठवत नाही, मुलांवर खेकसतात. रात्री जोरात घोरतात, तरी सकाळी थकलेले. भजनाला जाणं सोडलं. काही विचारलं की "माले काही व्हयेल नही" एवढंच. परवा मात्र म्हणाले, "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं." हे सगळं लिव्हरमुळे होत असेल का?

उत्तर : ताई, लिव्हरचं सांगतेच, पण आधी तुमच्या पत्रातलं ते शेवटचं बोलणं. वैतागून बोलले असतील म्हणून सोडून देऊ नका. आजच, मुलं झोपल्यावर, शेजारी बसून सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तुमच्या दुकानात फवारणीची औषधं आहेत, म्हणून मला जास्त काळजी वाटते. त्या कपाटाची किल्ली सध्या घरातल्या दुसऱ्या विश्वासाच्या माणसाकडे द्या आणि दुकानात त्यांना एकटं बसू देऊ नका. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तोवर सोबत कुणीतरी राहू द्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता लिव्हर. फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये उदासी, चिंता आणि थकवा इतरांपेक्षा जास्त आढळतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात २०१८ साली अशा लोकांच्या मेंदूचं आकारमानही सरासरीने थोडं कमी दिसलं. लिव्हरनेच मेंदू बिघडवला, असं यातून सिद्ध होत नाही. पण पोटावरची चरबी, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आणि आतल्या आत धुमसणारी सूज या गोष्टी लिव्हरला पोखरतात, तशा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांनाही त्रास देतात. उलटंही होतं. मन खचलं की चालणं सुटतं, झोप बिघडते, खाण्यावर ताबा राहत नाही आणि वजन वाढतं. म्हणून "चिडके झाले", "आळशी झाले" असं घरात कुणी बोलू नये. दारूचा संशय घेणाऱ्यांना सांगा की साखर, तळण आणि दिवसभराचं बैठं काम यांनीही लिव्हरवर चरबी चढते.

"लिव्हर गेलं की अमोनिया डोक्यात चढतो," असं कुणी घाबरवेल. अमोनिया हा रक्तातला विषारी घटक, एरवी लिव्हर तो साफ करतं. तसं होतं, पण बहुधा लिव्हर आकसून निबर झाल्यावर, सिऱ्हॉसिसमध्ये. दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, पोटात पाणी, पिवळे डोळे, डांबरासारखी काळी शी, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. सोनोग्राफीतला 'ग्रेड दोन' चरबी किती ते सांगतो, निबरपणा नाही. तो कळायला वय, एसजीओटी (लिव्हरचीच दुसरी रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून डॉक्टर फिब-फोरचा हिशेब काढतात. गरज वाटली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा निबरपणा मोजणारी तपासणी, करतात.

मला मात्र त्यांच्या घोरण्याची जास्त शंका येते. झोपेत श्वास अडकत असेल तर सकाळचा थकवा, विसर, चिडचिड हे सगळं त्यातूनही येतं, आणि जाड शरीराच्या फॅटी लिव्हरवाल्यांत हा त्रास बराच आढळतो. घोरणं मध्येच थांबून श्वास एकदम धापेसारखा सुरू होतो का, ते पाहा. मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. तोवर मनाने झोपेची गोळी अजिबात देऊ नका, तिने श्वास आणखी दबू शकतो. शाकाहारी आहेत, तेव्हा बी-१२ तपासाच. सोबत थायरॉइड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर).

वजन सावकाश सहा ते नऊ किलो उतरलं तर लिव्हरवरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत खुशाल खाऊ द्या, तेल तेवढं मोजून घाला. शेवभाजीची तर्री आणि गिऱ्हाइकागणिक येणारा साखरेचा चहा आवरायला हवा. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तुम्हीही त्यांच्यासोबत चालायला निघा. एकट्याने जा म्हटलं तर या दिवसांत ते उठणार नाहीत.

नैराश्याच्या गोळ्या लिव्हरला चालत नाहीत, असंही ऐकायला मिळेल. त्यांच्या अवस्थेत त्यातल्या बहुतेक चालतात. काहींनी वजन वाढतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना लिव्हरचे रिपोर्ट आधी दाखवा. 'लिव्हर साफ करणारं' चूर्ण मात्र कुणीही दिलं तरी घेऊ नका. अशा औषधांनी धडधाकट लिव्हरही सुजू शकतं.