अभिवाचनाचा वेळ कसा काढायचा
अरे, अभिवाचन किती वेळ चालेल ते काढायला तू धरलेलं मिनिटाला 200-250 शब्दांचं गणित इंग्रजी मनातल्या मनात वाचण्याचं आहे, मराठीला जसंच्या तसं लावू नकोस, आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात त्यामुळे शब्द कमी भरतात पण लांब असतात. आणि तुला तर पुण्यात सुदर्शन रंगमंचावर लोकांसमोर मोठ्याने वाचायचंय ना, मग मी तरी मिनिटाला 100-110च धरतो. सरळ एक पान टायमर लावून खणखणीत वाच (पुटपुटणं चालणार नाही, वाड्यातले काय म्हणायचं ते म्हणोत), पान नुसत्या संवादांचं नको, वर्णनही असलेलं घे, मग त्यावरून बाकीचा हिशोब. वर पॉज, पाणी, हशा यांना पंधरा मिनिटांमागे दोनेक मिनिटं सोड, पुणेकर हसतात रे कधीकधी.