वाचकांचे प्रश्न : ओळखीची चिप शरीरात बसवावी का?

प्रश्न : माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. त्यांच्या हातात ओळखीची मायक्रोचिप बसवली, तर वाट चुकल्यास ते सापडतील का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : दुर्दैवाने नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये बॅटरी नसते. ती वाचणारे यंत्र (रीडर) अगदी जवळ आणल्यावरच ती आपला क्रमांक सांगते, त्यामुळे वडील म्हापशाच्या बाजारात आहेत की पणजीच्या बसस्थानकावर, हे तिच्यावरून दुरून कळत नाही. अमेरिकेत २००४ साली अशा चिपला वैद्यकीय वापरासाठी मान्यता मिळाली, पण तिचा प्रसार झाला नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले असताना, ज्यांना संमतीचा अर्थ उमगत नाही त्यांच्या शरीरात, मायेपोटी का होईना, अशी चिप बसवणे मला मान्य नाही. त्यांच्या मनगटात तुमचा फोन क्रमांक कोरलेले कडे घाला. ते कोणालाही वाचता येते.