कोकणातील आडबाजूच्या किनाऱ्यांवर गरवण्यासाठी सोबत नेता येईल असा रॉड कोणता घ्यावा?

मुंबईहून रेल्वेने आणि पुढे एसटीने कोकणातील आडबाजूच्या खडकांवर व खाड्यांत गरवायला जायचे असल्यास टेलिस्कोपिक (भाग एकात एक सरकून मिटणारा) रॉड घ्यावा की सुटे तुकडे जोडून बनणारा, असे आपण विचारले आहे. माझे मत चार तुकड्यांच्या रॉडच्या बाजूने आहे आणि ते बनण्यास माझी एक फजिती कारणीभूत आहे.

काही वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यातील आंबोळगडला मी टेलिस्कोपिक रॉड घेऊन गेलो होतो. मिटवल्यावर तो हातभर उरत असे आणि त्या सोयीचे मला मोठे कौतुक होते. ओहोटीला खडकांवरून उतरताना तो क्षणभर ओल्या वाळूत टेकवला, एवढेच निमित्त झाले. सांध्यात वाळूचे कण शिरले, त्यावर खारे पाणी वाळले आणि संध्याकाळी मधले दोन भाग एकमेकांत असे रुतले की आतही जाईनात आणि बाहेरही येईनात. पाच फुटांची ती काठी पायांशी तिरपी धरून एसटीने परत निघालो, तेव्हा ही पडद्याची दांडी आहे का, असे वाहकाने दोनदा विचारले. घरी आल्यावर बुडाची टोपी काढून, सांध्याच्या बाहेरच्या भागावर कोमट पाणी ओतून आणि काठी लाकडी पाटावर उभी धरून हलके ठोके दिल्यावर ती सुटली. गोड्या पाण्यावर हा त्रास कमी होतो, पण आपल्याला जायचे आहे ते समुद्रावर.

तुकड्यांच्या रॉडमध्ये सारे लक्ष जोडांकडे द्यावे. जोड साधारणतः दोन प्रकारचे असतात. एकात वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसतो; दुसऱ्यात खालच्या तुकड्यातून बाहेर आलेली खुंटी वरच्या पोकळीत शिरते. खुंटीच्या जोडात रॉड पूर्ण बसवल्यावरही दोन तुकड्यांमध्ये काही मिलिमीटरची फट राहते. नवखा ग्राहक तो दोष समजून जोर लावतो, वास्तविक वापराने खुंटी झिजत जाईल तसा जोड घट्ट बसत राहावा म्हणून ती फट मुद्दाम ठेवलेली असते. जोड टोकाकडून बुडाकडे लावत यावे, कड्या (ज्यांतून दोरी जाते ती रॉडवरची वळी) किंचित तिरप्या ठेवून तुकडा आत सरकवावा आणि शेवटी हलका पीळ देऊन कड्या एका रेषेत आणाव्यात. खुंटीला साध्या मेणबत्तीचे मेण चोळले तर पकड चांगली राहते. तरीही अर्ध्या तासाने सर्व जोड एकदा चाचपावेत, कारण सैल झालेला शेंड्याचा तुकडा फेकीबरोबर सुटून दोरीवरून घसरत गळापर्यंत जातो.

लांबीच्या बाबतीत प्रवासातील सर्वांत अडचणीचा टप्पा आधी पाहावा. सात फुटांचा रॉड म्हणजे 213 सेंटिमीटर. त्याचे चार तुकडे केल्यास जोडांची लांबी धरून प्रत्येक तुकडा 56 ते 58 सेंटिमीटरचा होतो आणि पाठीवरच्या सॅकच्या बाजूला सहज बांधता येतो. पुढे कधी विमानाने जाण्याचा विचार असेल, तर केबिन बॅगेची लांबी बहुधा 55 सेंटिमीटरपर्यंतच चालते, तेव्हा पाच तुकड्यांचा पाहावा. गऱ्या मात्र चेक-इन सामानातच ठेवाव्यात. खडकांवरून लांब फेकायचे असेल तर आठ फूट बरे; खाडीच्या तोंडाशी खारफुटीच्या कडेने जिताडा किंवा तांबोशी गरवायची असेल तर सात फूट पुरेसे होतात. रॉडची ताकद मध्यम, आमिषाचे वजन 10 ते 30 ग्रॅम आणि रीळ 3000 किंवा 4000 क्रमांकाच्या आकाराचे, एवढ्यात रावसापासून शिंगाळ्यापर्यंत बहुतेक काम भागते.

दुकानात गेल्यावर कापसाचा एक बोळा खिशात ठेवावा आणि तो प्रत्येक कडीतून ओढून पाहावा. कडीच्या आतील सिरॅमिकच्या अस्तराला तडा असेल तर कापसाचे तंतू तेथेच अडकतात, आणि जेथे कापूस अडकतो तेथे ब्रेडची (बारीक धागे विणून केलेली) दोरी हमखास कापली जाते. मूठ कॉर्कची की फोमची, याला मी फारसे महत्त्व देत नाही. शेंड्याचा जादा तुकडा सोबत मिळत असेल तर मात्र त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. दार लावताना किंवा खडकावर आपटून मोडतो तो शेंडाच, आणि वेळासला किंवा कुणकेश्वरला तो विकत मिळण्याची आशा नसते.

रॉडसाठी महागडी नळी घेण्याचे कारण नाही. प्लंबिंगच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाईप कापून घ्यावा, दोन्ही टोकांना टोपणे लावावीत आणि तुकडे जुन्या लुंगीत गुंडाळून आत सरकवावेत. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते आणि रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत 25,000 व्होल्ट असतात, त्यामुळे नवा रॉड मित्राला दाखवण्याच्या उत्साहात तो फलाटावर जोडू नये. खाडीवरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारांखाली आणि वीज कडकडत असतानाही हेच लागू आहे.

परतल्यावर तुकडे सुटे करून गोड्या पाण्याने धुवावेत आणि पूर्ण वाळल्याशिवाय नळीत घालू नयेत. रात्री उशिरा घरी पोहोचल्यास मी ते बादलीत उभे करून ठेवतो आणि सकाळी पुसतो.