वाचकांचे प्रश्न : जनुक तेच, माप वेगळं

प्रश्न : मी एम.एस्सी. बायोटेक करतो. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकालीन सुजेच्या आजारांच्या कोरियन रुग्णांमध्ये ‘ईक्यूटीएल’ शोधतात असं वाचलं. युरोपीय रुग्णांची एवढी माहिती हाताशी असताना कोरियात वेगळं मोजायचं कशाला? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : ईक्यूटीएल म्हणजे डीएनएमधली अशी जागा, जिथलं अक्षर बदललं की एखाद्या जनुकाचा आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी पेशी काढते ती जनुकाची नक्कल) कमी किंवा जास्त बनतो. प्रथिन तेच, माप वेगळं. शोधण्याची रीत साधी आहे. बदललेल्या अक्षराच्या प्रती प्रत्येक रुग्णात ०, १ की २ ते लिहायचं, आरएनए मोजायचा आणि जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या दहा-दहा लाख अक्षरांत दोन्हींचा संबंध तपासायचा.

पण अक्षर त्या लोकांत असायला तर हवं! युरोपात क्रोन्सशी घट्ट जोडलेले एनओडी२ जनुकातले तीन बदल कोरियन लोकांत जवळपास सापडतच नाहीत. उलट टीएनएफएसएफ१५ या जनुकाचा क्रोन्सशी संबंध पूर्व आशियात ठळक आहे. तो २००५ मध्ये जपानी रुग्णांत आधी दिसला. शिवाय कोणती अक्षरं एकत्र वारशाने येतात तेही दोन्हीकडे वेगळं, त्यामुळे युरोपात खूण म्हणून उपयोगी पडलेलं अक्षर कोरियात खऱ्या कारणाशेजारी असेलच असं नाही. जीटीएक्स हा ईक्यूटीएलसाठी नेहमी वापरला जाणारा माहितीसंग्रह तर बहुतांशी युरोपीय वंशाच्या, मृत दात्यांच्या ऊतींचा आहे.

प्रश्न : मग रक्त घेऊन भागत नाही का? बायोप्सीत काय चुकतं?

उत्तर : आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तात मिळत नाहीत, म्हणून कोलोनोस्कोपीत काही मिलिमीटरचा तुकडा काढून लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रवात टाकतात. उशीर झाला की आरएनए तुटतो.

मोठा घोटाळा मात्र पुढे होतो. आतड्याची सूज पाहणारी कॅलप्रोटेक्टिनची शौच तपासणी केलेल्यांनी एस१००ए८ आणि एस१००ए९ ही प्रथिनांची जोडी नकळत मोजून घेतलेली असते. कॅलप्रोटेक्टिन याच दोघांचं बनतं. सुजलेल्या तुकड्यात यांची जनुकं उसळलेली दिसतात. पण त्यातला बराच भाग तिथे गोळा झालेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा असतो. प्रत्येक पेशीत जनुक जोरात चाललंय असा त्याचा अर्थ नाही. म्हणून सुजलेला आणि न सुजलेला तुकडा वेगळा नोंदवायचा, पेशींच्या प्रकारांचं प्रमाण अंदाजायचं, स्टिरॉइड चालू आहे का आणि तुकडा लहान आतड्याच्या शेवटचा की गुदाशयाचा, तेही गणितात धरायचं. एकाच रुग्णाचे दोन तुकडे दोन माणसं म्हणून मोजले की खोटे संबंध हमखास निघतात.

नमुन्यांची संख्याही पाहा. ज्या अक्षराचं प्रमाण १० टक्के, त्याच्या दोन प्रती असलेला १०० रुग्णांत सरासरी एकच, एक प्रत असलेले १८. त्या एकट्याचं मोजमाप बिनसलं की प्रती आणि आरएनए यांचा संबंध दाखवणारी रेघच तिरकी होते.

प्रश्न : मला अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होणार आहे. कोरियात सापडलेली जनुक चाचणी करावी का? (वाचक, सांगली)

उत्तर : ती एनयूडीटी१५ या जनुकाची. २०१४ मध्ये कोरियन रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आली. हा ईक्यूटीएल नव्हे, इथे प्रथिनच बदलतं : १३९व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन. मग औषधाचे सक्रिय घटक पेशीत साठतात आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. युरोपीयांसाठी केली जाणारी टीपीएमटी या दुसऱ्या जनुकाची चाचणी हे पकडत नाही. भारतीयांतही हा बदल विरळ नाही, म्हणून औषधाआधी डॉक्टरांना जरूर विचारा. दोन प्रती असतील तर औषध सहसा टाळतात. एक असेल तर कमी मात्रेने सुरुवात करतात. पहिल्या काही आठवड्यांत केस भसाभस गळू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. चाचणी स्वच्छ आली तरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवू नका, कारण पांढऱ्या पेशी इतर कारणांनीही घटतात.