इंग्लंडमधल्या छोट्या गावातल्या नॉन-लीग (म्हणजे वरच्या चार लीगच्या खाली खेळणाऱ्या) फुटबॉल क्लबला इतिहास तो काय असणार? मी रीडिंगला शिकायला येतोय, असा क्लब धरावा का, आणि कोणता?

‘इतिहास तो काय असणार’ हे वाचून आधी माझा साडू आठवला. मूळचा पुण्याचा, राहतो हॅरोला, मँचेस्टर युनायटेडचा कट्टर वगैरे. ओल्ड ट्रॅफर्डची पायरी आजवर चढलेला नाही, पण कट्टर. तो मला इतकी वर्षं हेच विचारतोय.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा गावातल्या दोन तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असला की आमच्याकडे एका घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. यातला एकही संघ आयएसएलमध्ये दिसत नाही. म्हणून त्यांना इतिहास नाही, असं मंगळवार पेठेत चहाच्या गाड्यावर एकदा बोलून बघा.

नोकरीसाठी रीडिंग आणि लंडनच्या मधल्या स्लाऊला आलो तेव्हा गावचा क्लब शोधणं ओघानंच आलं. स्लाऊ टाउन, पिवळा-निळा, टोपणनाव रेबल्स. गंमत अशी की गावचा क्लब गावात नव्हताच! घरचे सामने शेजारच्या बेकन्सफील्डमध्ये, दुसऱ्याच क्लबच्या मैदानावर भाड्यानं. एका नोव्हेंबरात साडू आमच्याकडे राहायला आला होता, त्याला गाडीत घालून तिकडं नेलं. बायको म्हणाली, ‘पाहुण्याला पावसात कशाला नेताय?’ पण मला त्याला दाखवायचंच होतं.

पाऊस आडवा येत होता. पलीकडं मोटरवेवरच्या गाड्यांचा आवाज. माणसं इतकी कमी की खेळाडूंच्या शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या. साडूनं बसायची जागा विचारली, मी कठडा दाखवला. बिअरचा ग्लास हातात धरून सामना बघता येतो हे मात्र त्याला आवडलं. वरच्या पाच लीगमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्यानं बंदी आहे, खाली नाही. मध्यंतर झालं आणि आमची सगळी मंडळी उठून पलीकडच्या गोलमागं चालत निघाली, कारण आता आपला संघ त्या बाजूला हल्ला करणार. साडू म्हणाला, ‘हे काय राव, देवळाची प्रदक्षिणा?’

चहाच्या खिडकीपाशी सोडतीची तिकिटं विकणारे एक म्हातारेबुवा भेटले. साडूनं सहज विचारलं, ‘तुमच्या क्लबनं कधी काही जिंकलंय का?’ झालं. चहा गार होईपर्यंत बुवा थांबले नाहीत. १८९० साली गावातले तीन क्लब एकत्र येऊन हा झाला. त्या तिघांतल्या स्विफ्ट्सनं त्याआधी एफए कपची, म्हणजे लहानमोठे सगळे क्लब एकत्र खेळतात त्या बाद स्पर्धेची, उपांत्य फेरी गाठलेली होती. १९७३ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए अमॅच्युअर कपचा, म्हणजे हौशी क्लबांच्या कपचा, अंतिम सामना, समोर वॉल्टन अँड हर्शम, एका गोलनं हरले. बुवा तो गोल काल झाल्यासारखा सांगत होते. वर्षभरात हौशी खेळाडू हा वेगळा प्रकारच फुटबॉल असोसिएशननं बंद केला आणि तो कपही गेला, म्हणजे पुन्हा प्रयत्न करायची सोयच उरली नाही. १९९० साली कॉन्फरन्समध्ये, म्हणजे वरून पाचव्या पायरीवरच्या आजच्या नॅशनल लीगमध्ये, चढले. १९९८ साली तिथून खाली ढकलले गेले ते गोल खाऊन नव्हे, मैदान लीगच्या अटींत बसेना म्हणून. २००३ साली मालकांशी वाद होऊन वेक्सम पार्क हे गावातलं मैदानही सुटलं. मग आधी विंडसरला भाड्यानं, नंतर बेकन्सफील्डला. आणि विंडसरला असताना, म्हणजे डोक्यावर छप्पर नसताना, २००४ साली एफए कपमध्ये चार पायऱ्या वरच्या वॉल्सॉलला २-१ असं घरी पाठवलं. वॉल्सॉलचा व्यवस्थापक होता पॉल मर्सन, आर्सेनल आणि इंग्लंडचा जुना खेळाडू. हे नाव ऐकल्यावर साडूनं पहिल्यांदा मान वर केली.

सामना आम्ही हरलो. परतताना गाडीत साडूनं जे वाक्य टाकलं ते अजून माझ्या डोक्यात आहे: ‘ज्या क्लबला स्वतःच्या गावात मैदान नाही, तो क्लब नाही. ती नुसती पाटी आहे.’

इथंच माझं त्याच्याशी वाजलं, आणि तुमच्या प्रश्नालाही माझं उत्तर हेच आहे. मैदान गेल्यावर क्लब राहतो की नाही हे कपाटातल्या कपांवरून कळत नाही. दर पंधरवड्याला दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन जाळी बांधणारे, कार्यक्रमपत्रिका विकणारे, जर्सी धुणारे लोक राहतात का, हे बघायचं. स्लाऊमध्ये ते तेरा वर्षं राहिले, एक पैसा न घेता. मोठ्या क्लबला मालक विकत घेतो, कंटाळला की दुसऱ्याला विकतो, आणि टीव्हीवाला प्रेक्षक जर्सी बदलून घेतो. त्याला मी इतिहास म्हणत नाही, खरेदी म्हणतो. (साडू हे वाचणार आहे. वाचू दे.)

२०१६ साली नगरपालिकेनं आर्बर पार्क बांधलं आणि क्लब गावात परतला. पुढच्याच वर्षी एफए कपच्या दुसऱ्या फेरीत रॉचडेल तिथं खेळायला आले, सामना टीव्हीवर थेट. साडूचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ‘तुमचे दिसतायत.’ नंतर दुसरा, ‘चार खाल्ले.’ खाल्ले, खरंय, ४-०. पण त्या मोसमाच्या शेवटी, २०१८ मध्ये, क्लब नॅशनल लीग साउथमध्ये, म्हणजे सहाव्या पायरीवर, चढला. त्यावर मेसेज आला नाही.

आता थोडं पाणी घालतो. खेळाचा दर्जा टीव्हीसारखा नसतो, काही शनिवारी तो फुटबॉल तरी आहे का असा प्रश्न पडतो. खेळाडूंची निष्ठा वगैरे समजू नका, बरेच जण दिवसा दुसरी नोकरी करतात आणि जरा जास्त पैसे मिळाले की शेजारच्या क्लबात जातात. आर्बर पार्कवर कृत्रिम गवत आहे. त्यावर आठवडाभर गावातली पोरं खेळतात म्हणून क्लबला लोक ओळखतात, पण वरच्या चार लीगच्या ९२ क्लबांना ते चालत नाही. सटन युनायटेडला २०२१ मध्ये वर चढल्यावर ते उपटून खरं गवत लावावं लागलं. आणि स्लाऊला ‘छोटं गाव’ म्हणणं जरा ओढूनताणूनच, दीड लाखाच्या वर वस्ती आहे.

कोणता क्लब धरावा? चालत जाता येईल तो, बाकी निकष फालतू आहेत. रीडिंगचा मोठा क्लब नॉन-लीगमध्ये येत नाही, तो सोडा. नुसता जुनेपणाच मोजायचा असेल तर मेडनहेड युनायटेड बघा. यॉर्क रोडवर १८७१ पासून तोच क्लब तिथंच खेळतोय, आणि एकाच क्लबनं सलग वापरलेलं जगातलं सर्वांत जुनं मैदान म्हणून त्याची नोंद आहे. एफए कपच्या अगदी पहिल्या स्पर्धेतही ते होते. शेजारी आहेत, मला आवडत नाहीत, पण खोटं कशाला बोलू? रीडिंगहून एलिझाबेथ लाइनने मेडनहेडला उतरलात की मैदान स्टेशनला लागूनच आहे. त्याच गाडीत बसून राहिलात तर पुढं स्लाऊ येतं, तिथून आर्बर पार्कही चालत जाण्याइतकंच.

सामने बहुतेक शनिवारी दुपारी तीनला. हिवाळ्यात निघण्याआधी सामना होतोय ना हे सकाळी बघून घ्या, मैदान गोठलं की ऐनवेळी रद्द करतात. आमच्याकडे कृत्रिम गवतामुळे तेवढा त्रास कमी.