चिनी प्रेक्षक सिनेमातल्या दोन पुरुषांची जोडी का जुळवतात? हे प्रेक्षक समलिंगी असतात का?

बहुतेक नसतात. यात भरणा तरुण मुलींचा. त्या स्वतःला 'फूनू' म्हणवतात, म्हणजे 'कुजक्या बाया'! मूळ शब्द जपानी, स्वतःचीच थट्टा करणारा. त्या तो मिरवतात.

चिनी शिकताना मी सिनेमे बघायचो ते अशा साइटवर, जिथे चालू चित्रावरूनच प्रेक्षकांचे शेरे सरकत जातात. २००८ चा 'रेड क्लिफ' लावला होता. युद्धात साथ मागायला मुत्सद्दी झूगे लियांग दुसऱ्या राज्याच्या सेनापतीकडे, चौ यूकडे येतो आणि दोघं चक्क छिन हे तंतुवाद्य घेऊन बसतात. आधी जपून, मग एकमेकांना डिवचत, शेवटी दोघंही तारांवर तुटून पडतात. युद्धाबद्दल चकार शब्द नाही. निघताना मात्र लियांग सोबत्याला सांगतो, हा लढणार! इकडे पडद्यावर शेऱ्यांचा पाऊस: 'त्साय यीछी!' म्हणजे 'एक व्हा!' मला आधी वाटलं, सैन्यांबद्दल बोलतायत.

गंमत अशी की याच युद्धावरच्या 'थ्री किंग्डम्स' या जुन्या चिनी कादंबरीत चौ यू याच लियांगवर जळून मरतो. 'यूला जन्माला घातलंस, मग लियांगला कशाला?' हे त्याचं वाक्य शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या वैरातून प्रेम काढायचं, हा खेळ. अशा क्षणाला 'साखर' म्हणतात, आणि ती शोधून खायची असते.

शोधून का, तर उघड दाखवायला सेन्सॉर देत नाही. २०१९ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा सिनेमा तिथे लागला तो गायक फ्रेडी मर्क्युरीच्या समलिंगी नात्याची दृश्यं कापून. त्याच वर्षी 'द अनटेम्ड' ही मालिका तुफान चालली. मूळ कादंबरीत दोन पुरुषांचं प्रेम, मालिकेत नुसती मैत्री. चाहते अशा मैत्रीला डोळा मारून 'समाजवादी बंधुभाव' म्हणतात. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने असल्या रूपांतरांवरही बडगा उगारला.

खऱ्या समलिंगी माणसाच्या पदरात यातून फार काही पडतं, असं मला वाटत नाही. त्यात निर्मातेही हुशार झालेत, मुद्दाम साखर पेरतात. त्याला 'मायफू' म्हणतात, कूज विकणं. दोन नट उगाच एकमेकांकडे टक लावून बघायला लागले की मी पुढे सरकवतो. छिनचा तो प्रसंग मात्र चार वेळा पाहिलाय, शेरे बंद करूनही.