आता पैसा आहे, मग तिला भेटू का?

“मॅडम, तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिला. आता सगळं आहे. तिला एकदा भेटू का?” माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी, चाळिशीच्या आसपासची अनेक माणसं हे विचारतात. त्यांपैकी न्यू जर्सीहून ऑनलाइन बोलणाऱ्या एका गृहस्थांची ही गोष्ट, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून. तिचंही लग्न झालेलं, यांचंही. त्यांनी स्वतःच ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीच्या नायकाचा, गॅट्सबीचा, दाखला दिला. “त्याने निदान धीर तरी केला!”

अमेरिकन लेखक फिट्झजेराल्डची ही 1925ची कादंबरी माझ्या फार जवळची, म्हणून मी तोच धागा धरला. फौजेत असताना कफल्लक गॅट्सबी डेझीच्या प्रेमात पडतो आणि तो युद्धावरून परतण्याआधीच ती गर्भश्रीमंत टॉमशी लग्न करते. मग हा बेकायदा धंद्यांतून पैसा करतो आणि लाँग आयलंडवर, तिच्या घरासमोरच्या किनाऱ्यावर वाडा घेतो. एखाद्या रात्री ती पार्टीला येईल, या आशेवर.

मी त्यांना सातवं प्रकरण पुन्हा वाचायला सांगितलं. डेझीची लहानगी मुलगी दाईबरोबर खोलीत येते तेव्हा गॅट्सबी चकित होऊन बघत राहतो. हे मूल खरोखरच आहे, हे जणू त्याला तोवर पटलेलंच नसतं. नंतर प्लाझा हॉटेलात, रणरणत्या दुपारी, तो हट्ट धरतो की टॉमवर माझं कधीच प्रेम नव्हतं, असं तू म्हण. ती म्हणते, आज तुझ्यावर आहे, पण तेव्हा त्याच्यावरही होतं. एवढ्यावर त्याचं भागत नाही. इथे मला दरवेळी गलबलून येतं. ती खरं ते देऊ करते आणि याला मधली पाच वर्षं पुसून हवी असतात.

पुढच्या सत्रात मी विचारलं, “ती भेटली तर तिच्या तोंडून काय ऐकायचंय?”

“चुकलं म्हणून.” मग थांबून, “तिनं नाही. तिच्या वडिलांनी म्हणायला हवं.”

वडिलांनी चहाचा कप पुढे करत विचारलं होतं, “स्वतःची जागा आहे का?” तो प्रश्न त्यांना आवाजासकट आठवत होता. तिच्याबद्दल मात्र, ती आज काय करते, कशात रमते, हे त्यांना सांगता येईना.

भेटू नका, असं मी म्हटलं नाही. आधी त्या चहाच्या वेळच्या अपमानाबद्दल बोलू, भेटीचं नंतर ठरवू, एवढं त्यांनी मान्य केलं. सध्या त्यावरच काम सुरू आहे. पत्नीशी यातलं काय आणि कसं बोलायचं, हे अजून बाकी आहे.